एझिकेल आजोबांचा फोटो

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अर्लीनबाईंनी आपल्या आजोबांना भिंतीवरून उतरवलं, ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं आणि मुलीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून त्यांना पट्टा बांधला.

"मम्मा, आणि तू कुठे बसणार?" रोशेलने विचारलं. गाडी तिची होती.

"मी मागे. झुरीजवळ."

"अगं, फोटो ठेव ना मागे. फोटोच तर आहे."

"गोऱ्यांच्या मागे बसायला लागू नये म्हणून तर हा माणूस मिसिसिपी सोडून शिकागोला आला. आणि तू त्याला मागे बसवतेस?"

आठ वर्षांच्या झुरीने आजीसाठी जागा केली, पाउंड केकचा डबा मांडीवर घेतला आणि वरात निघाली.

एझिकेल टॉलिव्हर १९१७ साली शिकागोत आले, कत्तलखान्यात कामाला लागले आणि १९२९च्या थंडीत न्यूमोनियाने गेले. मागे राहिली बायको डॉर्कस, जिला अख्खं घराणं बिग ममा म्हणायचं, चार वर्षांचा एक मुलगा आणि हा फोटो. फोटोतला माणूस मात्र बघत राहावा असा होता. रुंद कपाळ, तीन बटणांचा कोट, खिशात घडीचा रुमाल, मांडीवर ठेवलेल्या हातांची लांबसडक बोटं, आणि नजर अशी की खोलीत कुठेही लपा, ती शोधून काढणारच. अर्लीनबाईंचं सगळं बालपण त्या नजरेखाली गेलं. प्रगतिपुस्तक आधी आजोबांना दाखवायचं, मग वडिलांची सही. पोर खोटं बोलतंय असा संशय आला की बिग ममा तोंडाने काही म्हणायची नाही, नुसतं बोट वर करून फोटो दाखवायची, आणि पोर घडाघडा खरं बोलायला लागायचं. पुढे वेंडेल ग्रिग्ज नावाचा एक गरीब स्वभावाचा पोस्टमन अर्लीनबाईंना मागणी घालायला आला, तेव्हा त्यालाही या फोटोसमोर उभं करून त्याच्या हेतूंची चौकशी झाली. वेंडेलने एक्केचाळीस वर्षं संसार केला, पण शेवटच्या दिवसापर्यंत तो फोटोकडे पाठ करून जेवत असे. "तुझ्या आजोबांना मी कधी आवडलोच नाही," असं म्हणायचा. अर्लीनबाईंनाही मनातून ते पटत असे. लग्नाने त्या ग्रिग्ज झाल्या होत्या, पण ते कागदोपत्री. बाकी सगळीकडे टॉलिव्हरच.

एक गोष्ट त्यांना जन्मभर सलत होती. एवढ्या अवाढव्य शहरात एझिकेलचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. कबरीवर दगड नाही, कबर नेमकी कुठली तेही कुणाला माहीत नाही. ज्यांनी आयुष्यात एक वीट उचलली नाही त्यांच्या नावाचे पूल आहेत, बागा आहेत, आणि बारा वर्षं थंडीवाऱ्यात राबून शहराला जेवू घालणाऱ्या माणसाचं नाव साध्या बाकड्यावर नाही! म्हणून दक्षिण भागातल्या लायब्ररीने जेव्हा जाहीर केलं की कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात सहकुटुंब या, घरातला जुना फोटो आणा, आम्ही तो मोठा करून नावासकट दर्शनी भिंतीवर लावू, तेव्हा अर्लीनबाईंनी ते पत्रक फ्रिजवर डकवलं आणि तीन आठवडे रोज वाचलं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. हे काम आपल्या हातून झालं नाही तर कुणाच्याच हातून होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रोशेलने आपल्या परीने तयारी केली होती. बावीस जांभळे टी-शर्ट, तेही वेळेत, हे तिचं यश. प्रत्येकाच्या छातीवर एझिकेल आजोबा आणि खाली 'टॉलिव्हर घराणं, १९१७ पासून शिकागोत'. पुतणे, भाचे, सुना, तान्ही पोरं, सगळे लायब्ररीच्या दारात बर्फ झटकत उभे होते. अर्लीनबाईंनी टी-शर्ट कोटावरून चढवला होता आणि डोक्यावर चर्चला घालायची जांभळी हॅट. रांगेत त्या अशा उभ्या राहिल्या की पुढचे दोघे आपण होऊन बाजूला झाले.

आत नुसती जत्रा होती. एका कोपऱ्यात पोरं चिंध्यांची गोधडी जोडत होती, एकीकडे ढोल चालले होते, आणि 'लायब्ररीत खाण्यास मनाई' या पाटीखालच्या टेबलावर सोळा पदार्थ मांडलेले होते. भिंतीजवळ कामिला नावाची चष्मेवाली तरुण मुलगी फोटो घेऊन यंत्रावर ठेवत होती.

"ग्रॅनी," झुरीने बाही ओढली. "ते बघ, पिवळे आजोबा."

अर्लीनबाईंनी वळून पाहिलं. दारातून वीस-पंचवीस माणसं आत येत होती, सगळ्यांच्या अंगात पिवळेधमक टी-शर्ट, आणि प्रत्येक छातीवर एझिकेल टॉलिव्हर.

अर्लीनबाईंना आधी वाटलं, रोशेलच्या छपाईवाल्याने उरलेला माल बाहेर विकला. मग त्यांचं लक्ष पुढच्या बाईंकडे गेलं. वय त्यांच्याइतकंच, पिवळी हॅट, काखेत फ्रेम, आणि चाल अशी की रांग त्यांच्यासाठीही बाजूला होत होती.

"अहो बाई," अर्लीनबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगावर माझे आजोबा आहेत."

पिवळ्या बाईंनी त्यांना हॅटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "तुमचे? हे लाफायेत स्पॅन. माझ्या वडिलांचे वडील. मी हॉर्टेन्स स्पॅन. आणि तुम्ही कोण म्हणे, त्यांना छातीवर घेऊन हिंडणाऱ्या?"

टेबलावर दोन फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. तेच कपाळ, तीच तीन बटणं, रुमालाची घडीसुद्धा तीच. दोन्ही आजोबा दोन्ही घराण्यांकडे सारख्याच करड्या नजरेने बघत राहिले. ढोल वाजवणाऱ्यांनीही हात थांबवले.

मग हळूहळू लोकांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. पिवळ्यांतला एक तरणाबांड भाचा म्हणाला, "म्हणजे आजोबांनी दोन संसार..." त्याच्या आईने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. पाठीत बसलेला धपाटा जांभळ्यांनाही ऐकू गेला.

"माझे आजोबा तसले नव्हते," हॉर्टेन्सबाई कडाडल्या. "रेल्वेच्या झोपायच्या डब्यात पोर्टर होते. आठवड्यातले चार दिवस गाडीवर असायचे बिचारे." आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते चार दिवस टोचले.

अर्लीनबाईंनी संधी सोडली नाही. "चार दिवस! माझे आजोबा कत्तलखान्यात कामाला होते. तुमचे मुक्कामाला कुठे उतरायचे, ते सांगितलं होतं का घरी?"

"तुम्ही बोलूच नका. तुमचे कत्तलखान्यात होते म्हणता ना? ही बोटं बघा. ही बोटं डुक्कर सोलणाऱ्याची आहेत? या बोटांनी फक्त साहेबांचे बूट चमकवलेत आणि टिप घेतलीय!"

"पण ग्रॅनी," झुरी मध्येच म्हणाली, "बिग ममाच्या गोष्टीत तर आजोबांची दोन बोटं यंत्रात तुटली होती ना?"

"फोटो त्याच्या आधीचा आहे."

"आधी म्हणजे मिसिसिपीतला? तिथे त्यांच्याकडे असा कोट होता?"

"झुरी, जा, केक खा."

पण केकच्या टेबलाजवळ वेगळाच कारभार चालला होता. दोन्हीकडच्या पोरांनी आपण चुलत भावंडं आहोत असं परस्पर ठरवून टाकलं होतं आणि ती एकमेकांचे कान मोजून पुरावे गोळा करत होती. रोशेलही हॉर्टेन्सबाईंच्या थोरल्या मुलाशी नको इतकी हसून बोलत होती. "मम्मा," तिने हळूच येऊन सांगितलं, "माणसं चांगली आहेत गं. उन्हाळ्यात एकत्र जमू या म्हणतात."

"आधी त्यांच्या आजीला माझ्या बिग ममाची माफी मागू दे."

"ती वारलीय, मम्मा. दोघीही वारल्यात."

"म्हणून काय झालं!"

कामिला इतका वेळ दोन्ही हात वर करून उभी होती. आता तिने घसा साफ केला. "मावशी, दोघींनी जरा ऐका. काचेवरून फोटो घेता येत नाही, फ्रेम उघडावीच लागते. जुन्या फोटोंच्या मागे लोक नाव, तारीख लिहून ठेवायचे. उघडून बघू. जे असेल ते समोर येईल."

नव्वद वर्षांत अर्लीनबाईंची फ्रेम कुणी उघडली नव्हती. पण हॉर्टेन्सबाई बघत होत्या, तेव्हा माघार घेण्याची सोय नव्हती. "उघड," त्या म्हणाल्या, "पण जपून. त्यांचं वय झालंय."

कामिलाने बारीक चिमट्याने गंजलेले खिळे उपटले, मागचा पुठ्ठा बाजूला केला आणि फोटो उलटा धरला. मग तिने हॉर्टेन्सबाईंचा उघडला. मग दोन्ही पुन्हा वाचले. तिचा चेहरा पडला.

"वाच ना मुली!" दोघी एकदम म्हणाल्या.

"इथे छापलंय..." कामिलाचा आवाज पार खाली गेला. "फ्रेम क्रमांक चौदा. आतलं चित्र केवळ नमुन्यादाखल."

कुणाला काही कळेना. तेवढ्यात हीटरजवळ रोजच्या खुर्चीत पेपर वाचणारे एक अतिवृद्ध गृहस्थ काठी टेकत उठले, टेबलाशी आले आणि चेहऱ्यावर असा आनंद घेऊन उभे राहिले की जणू शाळेतला मित्र भेटला.

"चौदा नंबर! अरे, हा अजून आहे?"

हे मिस्टर पर्व्हिस लाइल. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या वडिलांचं सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर फ्रेमांचं दुकान होतं. "लहानपणी मीच पुसायचो यांना," ते सांगायला लागले. "रिकामी फ्रेम कोण घेणार? म्हणून वडिलांनी छापखान्यातून या माणसाच्या चित्रांचा गठ्ठा आणला होता. घरी नेऊन हे काढायचं आणि आपलं माणूस घालायचं. पण घालायला आपल्या माणसाचा फोटो हवा ना! शेतात राबणाऱ्याचा फोटो कोण काढत होतं? बायका यायच्या, बराच वेळ बघत उभ्या राहायच्या, आणि मग विचारायच्या, आतला माणूस राहू दिला तर चालेल का?"

"आणि तुमचे वडील काय म्हणायचे?" हॉर्टेन्सबाईंनी विचारलं.

"म्हणायचे, राहू द्या, त्याची काही तक्रार नाही."

"पण हा आहे कोण?"

"कुणास ठाऊक. आम्ही त्याला चौदा नंबरच म्हणायचो."

अर्लीनबाई खुर्चीत बसल्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांना आजोबा अख्खे हवे होते, दुसऱ्या घराण्याला नखसुद्धा द्यायचं नव्हतं. आता कुणी अर्धे दिले असते तरी त्यांनी पदरात घेतले असते. पण अर्धेही नव्हते, पावही नव्हते. ज्याला प्रगतिपुस्तकं दाखवली, ज्याच्या धाकाने खरं बोललो, तो माणूस दुकानातून फ्रेमबरोबर आला होता. आणि वेंडेल! बिचारा वेंडेल एक्केचाळीस वर्षं नमुन्याच्या चित्राला घाबरून भिंतीकडे पाठ करून जेवला. अर्लीनबाईंना हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे रोशेल पाणी आणायला धावली.

त्यांच्या डोळ्यांसमोर बिग ममा उभी राहिली. लोकांचे कपडे धुऊन सोललेले हात, कडेवर बाप न आठवणारं पोर. ते विचारत असणार, माझा बाबा कसा होता गं दिसायला? आणि दाखवायला तिच्याकडे काही नाही. मग ती दुकानात गेली आणि त्यातल्या त्यात देखणा बघून पोराला बाप घेऊन आली. तिला माहीत होतं. जन्मभर बोट वर करून फोटो दाखवताना तिला माहीत होतं, आणि बाईच्या ओठाचा कोपरा कधी हलला नाही.

हॉर्टेन्सबाई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांची पिवळी हॅट तिरपी झाली होती. "आमच्याकडे दर नाताळात याच्यासमोर जेवणाचं पहिलं ताट ठेवायचे," त्या म्हणाल्या. "आजोबांचा एक खरा फोटो होता, तो घराला आग लागली तेव्हा गेला, असं आजी सांगायची. मग हा कुठून आला, हे विचारायचं आम्हाला कुणाला सुचलं नाही."

"लबाड होत्या दोघी."

"पक्क्या लबाड. एकाच दुकानातून नवरा आणला आणि एकमेकींना पत्ता लागू दिला नाही."

दोघी बराच वेळ हसल्या. टॉलिव्हर आणि स्पॅन घराण्यांतली मोठी माणसं आपापल्या छातीवरच्या चौदा नंबराकडे बघत अवघडून उभी होती. एक-दोघांनी कोटाची बटणं लावून घेतली.

कामिला जवळ येऊन गुडघ्यांवर बसली. "मावशी, हा फोटो तसाही मोलाचा आहे. भिंतीवर लावते मी. फक्त खाली 'अनोळखी व्यक्ती' असं लिहावं लागेल."

"अनोळखी?" अर्लीनबाई ताडकन सरळ झाल्या. "माझ्या लग्नाला हजर होता तो."

"माझ्या चारही बाळंतपणांना," हॉर्टेन्सबाई म्हणाल्या.

"हो, पण एझिकेल टॉलिव्हर असं तर नाही लिहिता येणार. खोटं होईल ते."

ते खरंच होतं. समोर भिंतीवर मोकळी जागा होती, चारी कोपऱ्यांना पेन्सिलीच्या खुणा केलेली. त्या जागेसाठी अर्लीनबाईंनी तीन आठवडे पत्रक वाचलं होतं.

"चल मम्मा, घरी जाऊ," रोशेल म्हणाली.

"थांब. मी इथे फोटो घेऊन आले नव्हते. नाव घेऊन आले होते. ते मी परत नेणार नाही." त्या कामिलाकडे वळल्या. "मुली, आमच्या चर्चच्या वार्षिक पुस्तिकेत सगळ्यांचा मिळून फोटो असतो. खाली नावं असतात, डावीकडून उजवीकडे. आणि जे त्या रविवारी आलेले नसतात त्यांची नावं कुठे घालतात?"

"तळाला," कामिला म्हणाली. तीही चर्चमध्येच वाढली होती. "फोटोत नाहीत, असं लिहून."

"मग तसंच लिही. फोटोत नाहीत. एझिकेल टॉलिव्हर. बुटके होते. डाव्या हाताला तीनच बोटं. त्या तीन बोटांनी बिग ममाच्या वेण्या घालून द्यायचे. हे सगळं लिही."

कामिलाने फोटोसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेखाली एक कोरा कागद डकवला आणि खिशातून जाड पेन काढलं.

"आणि लाफायेत स्पॅन," हॉर्टेन्सबाई म्हणाल्या. "फोटोत नाहीत. ऐन पंचविशीत टक्कल पडलं होतं, पण ते लिहू नकोस. बरं, लिही. देखणे नव्हतेच म्हणे. आवाज चांगला होता."

एझिकेल टॉलिव्हर. मोठ्या, स्वच्छ अक्षरात, एवढ्या मोठ्या शहरातल्या एका भिंतीवर. अर्लीनबाईंनी उठून अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि शाई ओली असल्यामुळे ते काळं झालं. त्यांनी ते पुसलं नाही.

मागे रांगेत एक माणूस उभा होता, हातात टोपी, दोन पोरांना ढोल ऐकवायला आलेला. तो चाचरत पुढे आला. "बाई, माझ्या पणजीचाही फोटो नाही. म्हणजे आमच्याकडे फोटोच नाही. तिचं नाव घातलं तर चालेल?"

"चालेल का काय विचारता? मागे का उभे राहिलात? या पुढे!"

त्याच्यामागून एक बाई आली. मग दोघी बहिणी. मग गोधडीच्या टेबलावरची शिकवणारी मास्तरीण. रिकाम्या हाताने आलेल्यांचीच रांग लांब झाली, आणि अर्लीनबाई व हॉर्टेन्सबाई दोन बाजूंना उभ्या राहून ती हाकायला लागल्या. नुसतं नाव सांगून कुणाला सुटता येत नव्हतं. माणूस कसा होता, काय खायचा, कशावरून चिडायचा, ते सांगितल्याशिवाय पुढे सरकू देत नव्हत्या. पहिला कागद भरला. कामिलाने त्याखाली दुसरा जोडला, मग तिसरा.

चार वाजता लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली. हीटरजवळच्या खुर्चीत मिस्टर लाइल पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण बऱ्याच वेळात त्यांनी पान उलटलं नव्हतं. अर्लीनबाई त्यांच्यापाशी गेल्या.

"काका, तुम्हाला काय अडचण? तुमच्या घरात तर फ्रेमांचं दुकान होतं."

म्हाताऱ्याने पेपर खाली केला. "होतं ना. शेकडो फ्रेमा होत्या," तो म्हणाला. "आईचा फोटो काढायचा राहूनच गेला. ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो."

अर्लीनबाईंनी त्याला हाताला धरून उठवलं आणि रांग मोडून सगळ्यांच्या पुढे नेलं. कुणी हरकत घेतली नाही. हॉर्टेन्सबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"नाव?" कामिलाने विचारलं.

"अल्फ्रेटा. अल्फ्रेटा लाइल."

"आणि दिसायला कशा होत्या?" अर्लीनबाईंनी विचारलं.

त्याने हात वर करून तिची उंची दाखवली, सहा वर्षांच्या पोराला दिसते तेवढी, आणि सांगायला सुरुवात केली. कामिलाने चौथा कागद घेतला.